सीटच्या पाठीवर तीनदा

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही, माझ्यासमोर घडलेली आहे. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही, पण खोटी म्हणू नका.

आणि यात काळोखी रात्र वगैरे नाही. भर दुपारची, रहदारीच्या रस्त्यावरची गोष्ट आहे.

माझ्या भावाने एक जुनी आलिशान गाडी घेतली. आम्ही त्याला घरात धाकट्याच म्हणतो. गाडी काळी, लांबलचक, आतून कातडी सीट. पहिल्या मालकाने ती वर्षानुवर्षं मिरवली आणि दुखणी सुरू झाल्यावर स्वस्तात काढून टाकली. धाकट्याला वाटलं, लॉटरी लागली.

माझ्या मिस्टरांचं गॅरेज होतं. गाडी बघूनच हे म्हणाले की तू गाडी नाही, पेशंट घेतलायस. झालंही तसंच. आज काच खाली गेली ती वर येईना. उद्या छताचं कापड सुटून डोक्यावर लोंबायला लागलं. डॅशबोर्डवर तर रोज नवा दिवा. धाकट्या गाडी आणून उभी करायचा आणि हे कुरकुर करत हातातलं काम सोडून तिच्याखाली शिरायचे. कुरकुर फारच वाढली की मी मध्ये पडायचे. म्हणायचे, माझा एकुलता एक भाऊ आहे, बघा ना जरा.

मग मागून आवाज यायला लागला.

टक... टक टक...

खड्डा असो वा नसो. यांनी बुश बदलले, शॉकअप बदलले, आवाज काही हटेना. धाकट्याला वैताग आला. तो गाणी मोठ्याने लावून गाडी चालवायला लागला.

एका रविवारी हे म्हणाले, मी डिकीत झोपतो, तू एक चक्कर मार. गॅरेजवाले करतात असं. आत कान लावल्याशिवाय आवाज नक्की कुठला ते सापडत नाही. डिकीचं झाकण लावून घ्यावं लागतं, नाहीतर तेच वाजत राहतं. मी यांचा डबा घेऊन गेले होते, तिथेच उभी होते.

"बाहेर यायचं असलं की सीटच्या पाठीवर तीनदा ठोकेन," हे धाकट्याला म्हणाले.

मी वरून म्हटलं, चांगली लांब चक्कर मार रे, एकदाचा निकाल लागू दे.

गाडी परत आली. धाकट्याने डिकी उघडली.

हे उठले नाहीत.

सायलेन्सर गंजून त्याला भोक पडलं होतं. डिकीच्या तळाचं रबरी बूच कुजलं होतं. सगळा धूर आत भरला. डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेले. लोक म्हणाले, अपघात.

मी धाकट्याला एवढंच विचारलं, त्यांनी ठोकलं नाही का रे?

"नाही ताई. एकदाही नाही."

मी विश्वास ठेवला. डॉक्टरांनाही विचारलं, तर ते म्हणाले की कधीकधी कळायच्या आतच शुद्ध जाते. त्यांना काही कळलंच नाही, झोपेतच गेले... या एका गोष्टीवर मी दिवस काढत होते. ती गेली असती तर माझ्याकडे काही उरलं नसतं.

गॅरेज मी चालू ठेवलं. आमच्या जुन्या मिस्त्रीने धाकट्याची गाडी पुरी करून दिली. सायलेन्सर नवा बसवला. आवाजही सापडला. स्टेपनीचा नट सैल होता. पाना फिरवला आणि गाडी गप्प झाली. मिस्त्री ती खडबडीत रस्त्याने फिरवून आला. म्हणाला, वहिनी, आता टाचणी पडली तरी ऐकू येईल.

त्या दुपारी धाकट्या मला घरी सोडत होता. मी पुढे बसले होते. गाणी हळू आवाजात चालू होती.

सिग्नलला गाडी थांबली.

टक... टक... टक...

माझ्या सीटमागून नाही. त्याहूनही मागून, मागच्या सीटच्या पलीकडून.

मला वाटलं शेजारची गाडी असेल. शेजारी गाडी नव्हती.

टक... टक... टक...

तीन. मग थोडं थांबून पुन्हा तीन.

आणि धाकट्याचा हात आपोआप पुढे गेला. त्याने गाणी मोठी केली.

त्याने विचार केला नव्हता. हाताला सवय होती. पुढच्याच क्षणी आपण काय केलं ते त्याला समजलं आणि त्याने हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मी गाणी बंद केली. म्हटलं, गाडी बाजूला घे.

त्याने गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं. रस्त्यावर माणसं येत-जात होती. आणि मागे...

टक... टक... टक...

"त्या दिवशीही असंच वाजत होतं?" मी विचारलं.

तो रडायला लागला. लहानपणी मार खाल्ल्यावर रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. "ताई, मला वाटलं गाडीच वाजतेय गं. रोजच वाजायची ना."

मागचा आवाज आता घाईने यायला लागला. मागच्या सीटची पाठ हादरत होती. मला माझ्या सीटमधून कळत होतं.

धाकट्याने विचारलं, उघडू का डिकी?

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या दोन लहान मुली डोळ्यांपुढे आल्या. आमची आई दिसली. डिकी उघडली तर आत काय दिसेल, आणि ते बघून हा वेडा होईल की काय, एवढंच माझ्या मनात होतं. माझा जीव भावासाठी तुटत होता. यांच्यासाठी नाही.

मी मागे न बघता म्हटलं, "अहो, गप्प राहा आता. कळलं मला."

टक... टक...

तिसरा आलाच नाही.

मग आत काहीतरी सावकाश घसरत खाली गेलं... आणि शांत झालं.

आम्ही तसेच घरी आलो. त्यानंतर धाकट्या त्या गाडीत बसला नाही. गाडी गॅरेजमागे उभी आहे. टायर बसलेत. गिऱ्हाईकं विचारतात, विकायची का, आणि मी नाही म्हणते. रोज शटर पाडायच्या आधी मी तिच्या मागे जाऊन उभी राहते. कान लावते. किल्ली माझ्याकडेच असते.

काही वाजत नाही.

धाकट्या अजून माझी माफी मागतो. मी त्याला म्हणते, जाऊ दे रे, तुझी चूक नाही. ते खरंच आहे. कोण ठोकतंय ते त्याला माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.