सावलीचा ओघ

सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून पद्मजा मगदूमनं ताट घासलं आणि नेहमीसारखी नवऱ्याशी गप्पा मारायला बसली. शीतल जाऊन वर्ष झालं होतं. कपाटावरच्या डबीत त्याची 'सावली' होती, म्हणजे त्याचे आयुष्यभराचे फोन आणि निरोप ऐकून हुबेहूब त्याच्यासारखं बोलणारं यंत्र. इचलकरंजीत आता घरोघरी कुणाची ना कुणाची सावली असायची. सावली सगळं डबीतच जपायची. बोलायला तिला इंटरनेट लागत नसे; वायर असायची ती फक्त नवं काही भरायला.

"पद्मा, मागाची शेड भरतेशच्या नावावर करून टाक," शीतल म्हणाला. "तुझ्यानं एकटीनं निभायचं नाही."

महिनाभर हेच चाललं होतं. कापडाच्या मागांची ती शेड म्हणजे पद्मजाची रोजची भाकरी. पण नवऱ्याचा शब्द मोडवेना, आणि पर्युषण संपलं की सही करायचं तिनं कबूल करून टाकलं होतं. सुस्कारा टाकून तिनं मान वर केली, तर भिंतीवरच्या ओघमापकात एक रेघ ताठ उभी होती. घरातलं कुठलं यंत्र किती इंटरनेट ओढतंय ते हा मापक दाखवायचा. शेजारची पोरं वहिनीचं नेट फुकट खातात म्हणून धाकट्या दिरानं, भरतेशनंच, तो हौसेनं बसवून दिला होता. ताठ रेघ सावलीची होती.

तिनं भाजीपाल्याच्या गप्पा काढल्या. रेघ सपाट. शेडचा विषय काढला. रेघ पुन्हा उभी. तिनं रेघेवर बोट ठेवलं. मापकानं पत्ता दाखवला: ओघ भरतेशच्या घरातून येत होता.

मेलेल्या भावाच्या तोंडात आपले शब्द कोंबणारा हा माणूस रोज सकाळी बस्तीत, जैन मंदिरात, डोळे मिटून उभा राहायचा! पद्मजाच्या अंगाचा तिळपापड झाला. रडायचं तिला सुचलंच नाही. मागांच्या संगणकात नक्षी भरण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. वाट इकडे येते म्हणजे तिकडेही जाते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. भरतेशच्या घरी अव्वाची, म्हणजे त्याच्या आईची, सावली होती. तिला विचारल्याशिवाय तो साधी चप्पलसुद्धा घेत नसे.

त्याच वाटेनं पद्मजानं अव्वाच्या तोंडात शब्द भरले. "भरत्या, भावजयीच्या तोंडचा घास काढतोस? तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको मला." भरतेशला जेवण जाईना झालंय, हे जावेकडून कळलं तेव्हा तिला इतका आनंद झाला, की तिनं स्वतःपुरता शिरा केला.

पर्युषण संपलं. सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी, क्षमावाणीच्या सकाळी, भरतेश हात जोडून दारात उभा राहिला. डोळे खोल गेलेले.

"वैनी, उत्तम क्षमा. कळत-नकळत काय चुकलं असंल तर..."

"कळत का नकळत, भाऊजी?"

तो उंबऱ्यावर बसला. "कळत. शेड नको मला. पण अव्वाला थांबवा. तुमीच भरलंय, वळखलंय मी. बायकोला, पोरींना, दिसंल त्याला शिव्या घालालीया."

पद्मजा चपापली. पोरींबद्दल तिनं एक अक्षर भरलं नव्हतं. "मी तर परवाच बंद केलंय," ती म्हणाली. मापकही तेच सांगत होता. तिच्या घरातून त्याच्याकडे काहीच जात नव्हतं. अव्वा आता जे बोलत होती, ते शिकवलेल्यावरून तिचं तिनंच पुढं शिकलेलं होतं.

तिनं शीतलच्या डबीची इंटरनेटची वायर उपटली.

"अहो, शेड कुणाची?"

ओघाची रेघ तळाला टेकलेली होती.

"भरतेशला देऊन टाक, पद्मा," शीतल मायेनं म्हणाला. "तुझ्यानं एकटीनं निभायचं नाही."

"वैनी, शप्पथ सांगतो," भरतेश डबीपासून मागं सरकत म्हणाला, "ह्ये मी न्हवं."

हात जोडायला आता दोघंही तयार होती. पण ज्यांची खरी क्षमा मागायची, ते शीतल आणि अव्वा त्या डब्यांत उरले तरी होते का?