तपासून घेतलेला आनंद

कॅज्युअल्टीच्या दारातून रोज नाना तऱ्हेची माणसं आत येतात. पण उजवा हात काचेच्या बरणीत अडकलेला, बरणी छातीशी धरलेली, आणि वर "घाई नाही, आधी बाकीच्यांचं बघा" असं म्हणणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदाच आला.

त्याला बराच वेळ बाकावर बसावं लागलं. तेवढ्यात त्यानं बरणीतली बोटं हलवून एका रडणाऱ्या पोरीला मासे करून दाखवले. पोरगी रडायची थांबली. डॉक्टरनं हे दोन पेशंटच्या मधल्या वेळात पाहिलं, आणि पाहिलंच नाही असा चेहरा करून त्याला आत बोलावलं.

"हे कसं झालं?"

"मी विज्ञान शिकवतो. आज हवेचा दाब होता."

"मग?"

"एक मुलगी म्हणाली, सर, हात अडकेल. मी म्हटलं, शक्यच नाही." त्यानं बरणी जराशी वर उचलली. "हवेचा दाब राहिला बाजूला. वर्गाला माझा स्वभाव मात्र नीट समजला."

डॉक्टर हसली नाही. कॅज्युअल्टीत हसू दातांच्या आत ठेवायची सवय लागते.

"सिस्टर, जेली आणि बर्फाचं पाणी."

"जेली आणि बर्फाचं पाणी," असं म्हणत मोठ्या सिस्टर आणायला गेल्या.

"इथे सगळं दोनदा बोलतात?"

"एकानं सांगायचं, दुसऱ्यानं परत म्हणायचं. समोरच्याला कळलं असेल, असं नुसतं धरून चालायचं नाही. हात वर धरा."

"हात वर धरतो."

"बोटं सैल सोडा."

"बोटं सैल... डॉक्टर, तुम्ही अशा बघत असताना जरा अवघड आहे."

"एवढं जास्तीचं म्हणायची गरज नव्हती."

मोठ्या सिस्टर बर्फाकडे फारच लक्ष देऊन बघू लागल्या. थोड्या वेळानं 'टप्' असा आवाज होऊन बरणी सुटली. त्यानं ती पुसून बगलेत मारली. "शाळेची आहे," तो म्हणाला, आणि उगाचच दारापाशी वळून बघत गेला.

पुढच्या आठवड्यात तो हात दाखवायला आला. हाताला काहीही झालेलं नव्हतं. हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि मोठ्या सिस्टरना तर बरणी निघाली तेव्हाच कळलं होतं. त्यांनीच दोघांना कँटीनमध्ये पिटाळलं.

"शनिवारी रात्रीच्या खेळाला याल? सिनेमाला?" कॉफी ढवळत त्यानं विचारलं. कॉफीत साखर घातलेली नव्हती, तरी ढवळत होता.

"मी दहाला झोपते."

"नाही म्हणायची ही पद्धत छान आहे."

"नाही म्हणत नाहीये. मला बायपोलर आहे." गंभीर गोष्ट आधी सांगून टाकायची, हा तिच्या पेशाचाच नियम. "म्हणजे मन कधी आभाळाला जाऊन भिडतं, कधी तळाशी जाऊन बसतं. गेली काही वर्षं ते जागेवर आहे, कारण मी गोळ्या चुकवत नाही, रक्त तपासते आणि रात्रीची झोप पुरी करते. म्हणून मी रात्रपाळी करत नाही. त्याच्या बदल्यात सगळ्यांच्या वाटचे रविवार माझे."

या ठिकाणी माणसं साधारण दोन प्रकारची निघत. एक प्रकार घड्याळाकडे बघायचा. दुसरा म्हणायचा, "अहो, माझ्या मावसबहिणीलापण फार टेन्शन येतं."

बरणीवाले सर म्हणाले, "मग मी काय करायचं?"

"रात्री दहानंतर फोन करायचा नाही."

"रात्री दहानंतर फोन करायचा नाही," त्यानं सरळ चेहऱ्यानं परत म्हटलं. "आणि सिनेमा सकाळच्या खेळाचा."

तर त्यांचं प्रेम असं भर दिवसा वाढलं. सकाळच्या खेळाला पेन्शनर येतात आणि झोपतात. त्या घोरण्याच्या साथीत दोघांनी पडद्याकडे बघितलं, आणि एकमेकांकडे बघायची पाळी शिस्तीत वाटून घेतली. बाहेर पडले की कधी पाऊस असे. मग एकच छत्री...

"तुमचा खांदा भिजतोय, सर. छत्री मध्यावर धरा. तुम्ही विज्ञानाचे ना?"

"विज्ञानात माझी अब्रू गेलीच आहे, डॉक्टर. खांदा गेला तर काय मोठंसं?"

याच दिवसांत कॅज्युअल्टीचे थोरले डॉक्टर निवृत्त व्हायला निघाले. त्यांची खुर्ची कुणाला, याची मुलाखत पुढच्या सोमवारी होती. डॉक्टरचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. फक्त प्रत्येकाच्या तोंडी नावाच्या मागून एक 'पण' चालत येई. "हुशार आहे, पण..." "हात सोन्याचा आहे हो, पण..." शिकत असताना आजारानं तिचं एक वर्ष खाल्लं होतं. तेव्हा ती कित्येक रात्री जागी राहून सगळं इस्पितळ नव्यानं बांधायला निघाली होती, आणि वसतिगृहाच्या पडद्यांसाठी अख्खं ठाण मखमल उधारीनं घेऊन आली होती. मागून आलेला अंधार तिनं कुणालाच कधी वर्णन करून सांगितला नाही. त्या सगळ्यातून ती चालत परत आली, परीक्षा दिली, आणि जिथे सगळ्यात जास्त धावपळ तोच विभाग मागून घेतला. लोकांनी लक्षात ठेवली ती मखमल.

आणि नेमकी त्या शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरात गुणगुणली.

आईच्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. "गाणं म्हणतेयस?"

"अगं, सहज."

"गोळी घेतलीस ना?"

दुसऱ्या घरातली मुलगी गुणगुणली तर आया स्थळं बघतात. या घरात गोळ्यांची डबी बघितली जाई. डॉक्टर हसली, पण जिना उतरताना मनात हिशोब मांडू लागली. गजराआधी जाग येतेय. कामावर तोंडाचा पट्टा सुटलाय. काल दुकानात शिरून पिवळे बूट घेतले. पिवळे! सगळं उजळ दिसतंय... तेव्हाही असंच उजळ दिसलं होतं.

सोमवारपर्यंत गप्प बसणं सोपं होतं. मुलाखत झाली की मग तपासलं असतं. तिच्या जागी असता तर कुणीही तेच केलं असतं, आणि त्याला शहाणपण म्हटलं गेलं असतं. ती सरळ थोरल्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, आजच्या पाळीवरून मला उतरवा. कदाचित आजार डोकं वर काढतोय. तपासून घेतल्याशिवाय मी पेशंटला हात लावणार नाही."

"सोमवारी मुलाखत आहे, पोरी."

"माहीत आहे, सर."

बाहेर येऊन तिनं बरणीवाल्याला निरोप पाठवला: 'मी सांगेपर्यंत भेटायचं नाही. कारण तुम्हीच असण्याची शक्यता आहे.' त्याचं उत्तर लगेच आलं: 'तू... माफ करा, तुम्ही सांगेपर्यंत भेटायचं नाही. कारण मी असण्याची शक्यता आहे. दुसरं वाक्य कळलं नाही, पण थांबतो.'

मनाच्या डॉक्टर बाई वयस्कर होत्या आणि त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे.

"झोप?"

"दहा ते पाच."

"मधे जाग?"

"नाही."

"खर्च?"

डॉक्टरनं खाली बोट दाखवलं. बाईंनी चष्मा सरकवून बूट न्याहाळले. "केवढ्याला?"

"सेलमध्ये होते. महिनाभर वाट बघितली."

"मन उधळलेलं माणूस सेलची वाट बघत नाही. जग बदलायचंय का?"

"नाही... फक्त शनिवार लवकर यावा असं वाटतं."

"शनिवारी काय असतं?"

डॉक्टरनं सांगितलं. बरणी सांगितली, पेन्शनर सांगितले, भिजलेला खांदा सांगितला. खांद्याजवळ ती जरा जास्त थांबली. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं, दुसऱ्या दिवशी अहवाल बघितला, आईशीही फोनवर बोलल्या, आणि मग पेनाला टोपण लावलं.

"औषध बरोबर पातळीवर आहे. आजार जागेवर आहे. दोन आठवड्यांनी परत ये, आपण लक्ष ठेवूच. राहता राहिला तो मास्तर. त्याच्यावर माझ्याकडे गोळी नाही."

"म्हणजे हे नुसतंच..."

"नुसतंच. लोकांना होतं. तुलाही परवानगी आहे."

सोमवारी मुलाखतीला ती पिवळे बूट घालून गेली. टेबलापलीकडे तिघं होते, मधे थोरले डॉक्टर. एकानं घसा साफ करून, फार मायेनं, ठरलेला प्रश्न विचारला. "समजा, तुम्हाला पुन्हा... काही झालं तर?"

"होऊ शकतं," ती म्हणाली. "शुक्रवारी तशी शंका आली होती. मी स्वतःहून पाळी सोडली, तपासून घेतलं, काही नाही म्हटल्यावर आज इथे आले. पुन्हा शंका आली तर पुन्हा हेच करीन. आता मला एक सांगा. अंगात ताप असताना, घरी रात्रभर जागरण झालेलं असताना, कुणालाही न सांगता पेशंट तपासायला आलेलं आपल्यात कोण नाही?"

प्रश्न विचारणाऱ्याला नेमका तेव्हा खोकला आला. दोन दिवसांपासून होता म्हणे.

संध्याकाळी थोरले डॉक्टर वॉर्डात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी खुर्ची हिला दिली आहे." ती सवयीनं पुढच्या 'पण'ची वाट बघत उभी राहिली. थोरले डॉक्टर चष्मा पुसत निघून गेले. 'पण' आलाच नाही. मोठ्या सिस्टरनी डोळे टिपले आणि वॉर्डात धूळ किती वाढलीय अशी तक्रार केली.

बाहेर अँब्युलन्सच्या पत्र्याखाली बरणीवाले सर उभे होते. पावसाची बारीक भुरभुर होती. छत्री मिटलेली.

"'आता या' हा निरोप मिळाला," तो म्हणाला. "अहवाल काय आला?"

"आजार नाही."

"मग काय आहे?"

"तुम्ही आहात."

त्यानं पत्र्याखालीच छत्री उघडली.

"समजलं असं धरून चालत नाही आमच्यात," ती म्हणाली. आवाज जरा कापला, तो तिनं कापू दिला. "मला तुम्ही आवडता. परत म्हणा."

"तुला... मी आवडतो."

"बरोबर."

"आता माझं. मला तू आवडतेस. खूप. बरणीत हात होता तेव्हापासून."

वर्षानुवर्षं दुसऱ्यांना परत म्हणायला लावणाऱ्या बाईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तेवढ्यात भोंगा वाजवत गाडी फाटकातून आत आली. दिवसाची पाळी अजून संपायची होती. ती पळाली, पायऱ्यांवर थांबली, वळली आणि पावसाच्या वरताण ओरडली, "मी तुला आवडते!"

"सरांना डॉक्टर आवडतात!" आतून मोठ्या सिस्टरनी सवयीनं खणखणीत परत म्हटलं. सगळ्या वॉर्डाला कळलं. परत म्हणण्याची पद्धत त्यासाठीच असते.

रात्री जेवणं झाल्यावर ती ताटं पुसता पुसता गुणगुणत होती. आई दारात येऊन उभी राहिली.

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

आईनं मान डोलावली, वळली... आणि परत आली.

"आणि ते गाणं कुठलं गं?"

डॉक्टरनं ओळ म्हणून दाखवली. पुढची ओळ तिला आठवेना. आईला येत होती.