बहिरा ससा

नाही हो भाऊ, तुमच्या कामात काही खोट नाही. वॉशर नवा घातलात, नळ नवा बसवलात, आणि आज तर मेन कॉकच माझ्यादेखत बंद केलात. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आलात बिचारे. मनात म्हणत असाल, प्लंबर कसला बोलावतो, या म्हाताऱ्याला डॉक्टर बोलवायला हवा. म्हणा, मला राग नाही. पण आता साडेदहा झालेत. अकरापर्यंत बसा. तो नळ रोज सकाळी अकराला आपोआप सुरू होतो, पाच मिनिटं वाहतो आणि बंद होतो. आज मेन बंद असूनही वाहिला, तर मला एक साक्षीदार हवा आहे. चहा घ्या. माझा राहू दे, मी नंतर घेईन.

तोवर ऐका. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. बायको गेली, तिलाही नाही.

मी जहाजावर होतो. मालाच्या नव्हे, हौसेच्या. लोक सुट्टी घेऊन येतात, आठ दिवस समुद्रावर खातात-पितात-नाचतात आणि जिथून निघाले तिथेच उतरतात, तसलं जहाज. हजारावर केबिनी. माझं काम केबिन आवरायचं. चादरी, न्हाणीघर, टॉवेल. आणि टॉवेलचे प्राणी! रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलचा एक प्राणी घडी घालून ठेवायचा असतो. हत्ती, हंस, माकड. मोठमोठी माणसं ते बघून टाळ्या पिटतात, खोटं सांगत नाही.

मला ते शिकवलं दादांनी. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, सगळं जहाज त्यांना दादाच म्हणायचं. त्यांची खासियत ससा. एक कान ताठ, एक वाकलेला. म्हणायचे, "एक कान झोपला तरी चालेल रे, पण एक जागा पाहिजे. केबिनमधून कधी कोण हाक मारेल सांगता येत नाही." माझ्या सशाचे कान काही केल्या उभे राहायचे नाहीत. आतच गुंडाळले जायचे. दादा तो हातात धरून सगळ्यांना दाखवायचे, "हा बघा, बहिरा ससा! याच्या नावानं शंख केला तरी ऐकणार नाही." मग माझंच नाव बहिऱ्या पडलं. मला कधी वाईट वाटलं नाही. दादा म्हणायचे म्हणून.

मग ती साथ आली. प्रवासी उतरवले, आणि आम्हाला कुठलंच बंदर आत घेईना. किनाऱ्यापासून दोन मैलांवर नांगर टाकून उभे राहिलो. तुम्हाला वाटेल, उभ्या जहाजाला काय खर्च? अहो, उभं जहाज म्हणजे शुद्ध पांढरा हत्ती. तिकिटाचा एक पैसा येत नाही आणि इंजिन, पाणी, दिवे, माणसं, सगळं चालूच. कंपनीची दोन जहाजं भंगारात गेली. आमच्या जहाजावर दर सोमवारी ऑफिसचा निरोप यायचा. डिझेल कमी करा. जेवण दोनदाच. डॉक्टरांना घरी पाठवा, नर्सवर भागवा. एकदा क्रेन लावून नाचाच्या हॉलमधला पियानो नेला. झुंबरांना, खुर्च्यांना, अगदी कचऱ्याच्या डब्यांनासुद्धा विक्रीचे नंबर चिकटवले होते. आम्ही आपले एकमेकांच्या पाठीवर नंबर शोधायचो आणि हसायचो.

हसायचो, पण सूचनाफलकावर रोज नजर असायची. विमान मिळालं की तीस-चाळीस जणांची यादी लागायची. यादीत नाव म्हणजे घर, पण पगार बंद. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. बायको फोनवर म्हणायची, "जीव सांभाळा, पण पगार चालू आहे तोवर तिथेच राहा हो." त्यामुळे मी कामाला नाही म्हणत नव्हतो.

काम होतं नळ सोडण्याचं. पाइपात पाणी साचून राहिलं की सडतं, त्यातून आजार होतात. म्हणून प्रत्येक केबिनमध्ये आठवड्यातून एकदा जायचं, पाच मिनिटं नळ सोडायचा, बंद करायचा, कागदावर केबिनच्या नंबरासमोर खूण करायची. खूण म्हणजे काय, की नळ सोडला आणि केबिन रिकामी आहे. वेळापत्रक दादांनीच आखलं होतं. तीन नंबरचा डेक सोमवारी, सकाळी अकराला. आम्ही दोघं मिळून करायचो. एकीकडून ते, दुसरीकडून मी. पाणी वाहत असताना दाराशी उभे राहून घरच्या गप्पा मारायच्या.

एका शुक्रवारी दादा दिसले नाहीत. आमचे साहेब म्हणाले, "ताप होता. बोटीनं किनाऱ्यावर दवाखान्यात पाठवलं. बोभाटा करू नका, नाहीतर रविवारचं विमान रद्द होईल." मी तोंड शिवलं. रविवारी साहेब आणि नर्स दोघंही त्याच विमानानं गेले.

राहिलो मी एकटा आणि हजार केबिनी. सोमवारी अकराला तिसऱ्या डेकच्या जिन्यात उभा राहिलो. खाली लांबच लांब बोळ, दोन्हीकडे खिडकी नसलेल्या केबिनी. पाय दुखत होते. म्हटलं, कोण बघतंय! तिथेच पायरीवर बसलो आणि एकशे चाळीस नंबरांसमोर एकशे चाळीस खुणा केल्या. दहा मिनिटांत काम झालं. खाली सही ठोकली.

भाऊ, एवढंच केलं मी. पायरीवर बसून खुणा केल्या.

माझा कागद ऑफिसात गेला. तिसरा डेक रिकामा आहे, असं त्यांनी वाचलं. बुधवारी त्या डेकची वीज, पंखे, पाणी, सगळं बंद केलं. डिझेल वाचलं म्हणून मला शाबासकीही मिळाली.

पुढच्याच बुधवारी सकाळी मी चौथ्या डेकवर होतो आणि खालून पाण्याचा आवाज आला. नळ सोडल्याचा. पाच मिनिटं वाहिला, थांबला. दार लागलं. मग थोडं पुढे, दुसरा नळ. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. भीती नाही वाटली हो, राग आला! म्हटलं, माझं काम दुसऱ्या कुणाला दिलंय. म्हणजे पुढच्या यादीत माझं नाव. कोण आहे तो, बघतोच त्याला. टॉर्च घेतली आणि तरातरा खाली उतरलो.

बाहेर लख्ख ऊन असणार, पण त्या बोळात मिट्ट काळोख. हवा कोंदलेली. गालिच्याला ओल्या पोत्यासारखा वास, आणि त्याच्याखाली आणखी एक वास, तो मी तेव्हा ओळखला नाही. पहिली केबिन उघडली. बेसिन ओलं. हात लावला तर कोमट. तेव्हा कुठे आठवलं, या डेकचं पाणी आठवडाभर बंद आहे.

टॉर्च पलंगाकडे वळवली. गादीवर ससा होता. ओला. एक कान ताठ, एक वाकलेला.

मी हाक मारली, "दादा?" पुढच्या केबिनमध्ये ससा. त्याच्या पुढच्या केबिनमध्ये ससा. आणि पाण्याचा आवाज सारखा एक दार पुढे. मी दार उघडलं की इथला नळ बंद, आणि शेजारचा सुरू. परत फिरावं असं शंभरदा वाटलं, पण पाय पुढेच जात होते. असा मी बोळाच्या टोकापर्यंत गेलो. शेवटच्या केबिनमध्ये आवाज नव्हता. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून काहीतरी अडलेलं.

दादा दाराशीच होते... पाठ दाराला लावून बसलेले. तापानं दार उघडायचीही ताकद उरली नसणार. सांगत नाही मी ते सगळं. साहेबांनी त्यांना किनाऱ्यावर नेलंच नव्हतं. बंदराला कळू नये म्हणून इथे आणून ठेवलं होतं. कागदावर कुठे नोंद नाही. आणि ज्यांना माहीत होतं ते दोघं रविवारी विमानात बसले. न्हाणीघरातला नळ पूर्ण उघडा होता आणि कोरडा होता. हातात एक कार्ड होतं, सकाळच्या नाश्त्याची ऑर्डर लिहितात ते. त्याच्या मागे दादांचं अक्षर.

"आज सोमवार. अकराला बहिऱ्या येईल."

खाली, "आला नाही."

खाली, "पाणी गेलं."

आणि मग नुसतं, "येईल." "येईल." "येईल." शेवटचं तर धड वाचता येत नव्हतं.

चहा गार होतोय तुमचा. घ्या.

पुढचं ऐका, पुढचं जास्त वाईट आहे. ऑफिसातले लोक कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले आणि त्यांनी माझाच कागद मला दाखवला. म्हणाले, सोमवारी तुम्ही ही केबिन स्वतः तपासलीत, रिकामी होती, सही तुमची आहे. म्हणजे हे गृहस्थ त्यानंतर तिथे शिरले. घरी पाठवतील म्हणून लपून बसले असणार. बरोबर ना? मुलीची फी डोळ्यांपुढे आली. मी म्हटलं, बरोबर. ते कार्ड तेव्हा माझ्या खिशात होतं. आजही आहे, हे बघा.

दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, नुकसानभरपाई मिळाली नाही. लपून बसणाऱ्याला कोण देतं? घरी आल्यावर त्या मला भेटायला आल्या होत्या. पैशाचं एका शब्दानं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे लपून बसणाऱ्यातले नव्हते. तुम्ही गेला होतात ना त्या केबिनमध्ये? तेव्हा हे नव्हते ना?" मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नव्हते, वहिनी." त्यानंतर त्या माझ्याकडे आल्या नाहीत. लोकांच्या तोंडून ऐकतो, नवऱ्यानं चोरासारखं मरण पत्करलं म्हणून नातेवाईक अजून टोमणे मारतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं पत्र आलं. कंपनी बुडाली, आता वसुलीच्या कोर्टात शेवटचे दावे घेताहेत, या महिन्याअखेरपर्यंत. काही माहिती असेल तर सांगा. त्या दिवसापासून हा नळ वाहतोय.

असं बघू नका भाऊ माझ्याकडे. काय म्हणालात? फोन लावा? आत्ता?

...खरं आहे. आत्ताच. नंबर तुम्हीच दाबा, माझी बोटं ऐकत नाहीत. स्पीकरवर ठेवा. अकराला एक मिनिट आहे.

"हॅलो?"

"वहिनी, मी बोलतोय. बहिऱ्या."

"भावजी! किती दिवसांनी हो..."

"वहिनी, आधी ऐका, नाहीतर धीर होणार नाही. मी त्या केबिनमध्ये गेलोच नव्हतो. जिन्यात बसून खोट्या खुणा केल्या. दादा आत होते. माझी वाट बघत होते. लपले नव्हते, त्यांना ठेवलं होतं. मी लिहून देतो, कोर्टात येतो, काय म्हणाल ते करतो."

...

"वहिनी?"

"ऐकतेय मी. थांबा हं, भावजी. कुणीतरी नळ सोडलाय."

"घरात कोण आहे?"

"कुणी नाही. मी एकटीच."

बघा, अकरा वाजले. आणि आपल्याकडे शांत आहे. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. ऐका, तिकडे वाहतोय... "वहिनी, जा. दार उघडा. बघितल्याशिवाय परत येऊ नका. मी फोनवर आहे."

पाच मिनिटं झाली ना? थांबला आवाज. आल्या बहुतेक.

"भावजी..." रडताहेत हो, पण आवाज हलका आहे. "बेसिनवर ससा आहे. ओला, आणि गरम आहे हो अजून. एक कान ताठ, एक वाकलेला. ह्यांचाच आहे."

"हो, वहिनी. त्यांचाच."

"पण भावजी... त्याच्या शेजारी आणखी एक आहे."

"काय आहे?"

"ससाच असावा. नीट जमलेला नाही. याला कानच नाहीत."

भाऊ, फोन ठेवा. मला एक सांगा, साडेदहापासून मी या खुर्चीतून उठलो का? तुम्ही समोरच होतात. चहाचा कपसुद्धा उचलला नाही मी. मेन बंद आहे, नळ कोरडा आहे.

मग जरा तो दिवा लावा आणि माझे हात बघा. बोटं बघा कशी सुरकुतलीत, तासभर पाण्यात घातल्यासारखी. बाह्या कोपरापर्यंत ओल्या आहेत. आणि नखात हा टॉवेलचा पांढरा धागा आहे.