ताशी दोनशे चाळीस

जुनी घड्याळं जमवणाऱ्याला किळस परवडत नाही. पट्टा जिथे घड्याळाला जोडलेला असतो त्या सांध्यांत आधीच्या मालकाचा घाम, कातडीचा भुगा, साबण आणि धूळ यांचा करडा मळ साठतो. तो मी टूथपिकने कोरून काढतो, मऊ ब्रशने घासतो आणि हात धुऊन जेवायला बसतो. वीस वर्षांत सव्वीस घड्याळं अशी साफ केली. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, नाक मुरडायची. “लोकांच्या अंगाचा चिखल उपसतोस आणि त्याच हाताने घास घेतोस. धन्य आहे तुझी!”

मेहुणे गेल्यापासून ताई माझ्याकडेच राहते. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. ती एका शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे आणून हाताने बटणं लावते. सोफ्यावर खिडकीकडची जागा तिची ठरलेली. मी एका प्रयोगशाळेत टॅक्सीचे मीटर आणि गाड्यांचे स्पीडोमीटर तपासतो. काटा जे सांगतो ते खरं की खोटं, हे ठरवणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा.

मी फक्त क्रोनोग्राफ घेतो. वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारी ही मनगटी घड्याळं. बाजूला दोन कळा असतात. वरची दाबली की मधला लांब काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो. खालची दाबली की तो परत बारावर येतो. काचेभोवतीच्या कडीवर पाचशे, चारशे, तीनशे असे साठापर्यंत उतरत गेलेले आकडे असतात. हा टॅकीमीटर. बऱ्याच जणांना ती नक्षी वाटते. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या एका दगडापाशी कळ दाबायची, पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबायची. पंचेचाळीस सेकंद लागले असतील तर काटा ऐंशीवर उभा असतो, म्हणजे गाडीचा वेग ताशी ऐंशी. तासाचे छत्तीसशे सेकंद भागिले लागलेले सेकंद, इतकंच गणित. पण आकड्यांच्या या पट्टीला किलोमीटर कळत नाही. तिला फक्त ‘एक’ कळतो. एक वीट, एक पाकीट, एक बटण, काहीही. तासाला असे किती, एवढंच ती सांगते.

सत्ताविसावं घड्याळ मी एका बाईंकडून घेतलं. पन्नाशीच्या असतील. त्यांनी ते रुमालात गुंडाळून माझ्या प्रयोगशाळेत आणलं होतं आणि टेबलावर रुमाल उघडला तोही चमच्याच्या दांड्याने.

“वडिलांचं आहे,” त्या म्हणाल्या. “मासळी साफ करून डब्यात भरायचा कारखाना होता, तिथे होते ते. मोजणीसाहेब म्हणायचे त्यांना.”

“काय मोजायचे?”

“बायका रांगेत बसायच्या. हे त्यांच्या मागे उभे राहायचे. एका बाईला एक मासा साफ करायला किती वेळ लागतो, ते बघायचे. दिवसभर तेच.”

मी भिंग लावून पाहिलं. घड्याळ सुरेख होतं. कडीवर दोनशे चाळीसच्या आकड्यापाशी कोणीतरी टोचणीने खोल ओरखडा काढला होता. दोनशे चाळीस म्हणजे एका माशाला पंधरा सेकंद.

“तुमच्या घरी कोण कोण असतं?” बाईंनी विचारलं.

“मी आणि बहीण.”

“त्या काही हाताने काम करतात?”

“बटणं लावतात. का हो?”

त्या रुमालाची टोकं पुन्हा गोळा करायला लागल्या, मग थांबल्या. “कपाटातच ठेवणार ना? घालणार नाही ना?”

“संग्रहासाठीच घेतोय,” मी म्हणालो. ही थाप होती. नवीन घड्याळ मी आठवडाभर घालतोच.

साफसफाईला बसलो तेव्हा मळ नेहमीपेक्षा जास्त निघाला. करडा नव्हता, पिवळसर होता, तुपासारखा. त्याला बर्फाच्या पाण्यात पडून राहिलेल्या मासळीचा वास होता. जुना चामडी पट्टा फेकून दिला, नवा चढवला, घड्याळ कोरडं पुसून कपाटात ठेवलं.

सकाळी सांधे पुन्हा भरलेले होते.

आधी वाटलं, माझ्याच हातून राहिलं असेल. दोनदा घासलं. दुसऱ्या दिवशी तेवढाच मळ, आणि टूथपिक लावली तर तो मऊ आणि कोमट लागला. भिंगाखाली धरला. त्यात एक खवला होता, नखाच्या टोकाएवढा, ओला. मी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आतली चाकं कोरडी ठणठणीत, आरशासारखी. कुठे थेंब नाही, डाग नाही. मळ आतून येत नव्हता. बंद कपाटात बाहेरून येण्याचाही प्रश्न नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या दिवशी न जेवता उठलो.

“घरात मासळी आणलीस का रे?” ताईने विचारलं. आम्ही दोघंही मासळी खात नाही.

“घड्याळाचा वास आहे.”

“मग टाकून दे ना ते!”

टाकायला हवं होतं. पण काटा इतका नेमका चालत होता, की माझा जीव होईना.

शनिवारी दुपारी ताई बटणं लावत होती, मी ते घड्याळ घालून समोर पेपर वाचत होतो. मनगटावरून टिक् असा आवाज आला. पाहिलं तर लांब काटा धावत होता आणि माझा अंगठा वरच्या कळेवर होता. ताईने दोरा तोडला, अंगठा पुन्हा दाबला गेला. काटा पूर्ण फेरा मारून पुढे गेला होता. एका बटणाला मिनिटाहून जास्त, म्हणजे पट्टीच्या बाहेर. मला उगीचच चीड आली. कशाची, ते तेव्हा कळलं नाही.

पुढचं बटण बरोबर साठ. त्यापुढचं पंचाहत्तर.

“आज हात छान चाललाय तुझा,” मी म्हणालो.

“हो ना,” ताई मान वर न करता म्हणाली. “कोणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतंय.”

तिच्या मागे भिंत होती.

मी तेव्हाच घड्याळ उतरवायला हवं होतं. उतरवलं नाही, कारण आकडा वाढताना बघायला मला बरं वाटत होतं. या सगळ्यात मला माझी जी किळस येते, ती याची. खवल्याची नाही, वासाचीही नाही. बहिणीची बोटं लाल होत होती आणि मी आकडा वाचत होतो.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर ती गठ्ठा घेऊन बसली. नव्वद. शंभर. एकशे वीस, म्हणजे बटणाला तीस सेकंद. दोऱ्याचे वेढे आणि गाठ धरून हाताने हे होत नाही. सुई दिसेनाशी झाली होती, नुसती पांढरी लकेर उठत होती. दोरा कापडातून ओढला जाताना सूं सूं आवाज येत होता.

“ताई, पुरे आता. दम खा.”

तिने ऐकलं नाही. तिचा डावा हात बटण धरत नव्हता. मुठीत काहीतरी लांबट, निसरडं धरावं तसा तो वळला होता.

एकशे साठ. सुई बोटात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली. पांढऱ्या शर्टावर लाल ठिपके पडत गेले, एका ओळीत, सारख्या अंतरावर. ताई ओरडली नाही.

“ताई!”

“मागे बघू नकोस गं,” ती म्हणाली. मला नव्हे. डाव्या बाजूला जरा झुकून, ओठ न हलवता, वर्गात पोरी बोलतात तशी. “तो आलाय.”

एकशे नव्वद.

मी पट्ट्याचं बक्कल ओढलं. निघेना. पट्ट्याखालून तो पिवळा मळ बाहेर येत होता, कोमट, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. बोटं त्यावरून घसरत होती.

दोनशे दहा.

अंगठा माझा होता, पण तो माझं ऐकत नव्हता.

दोनशे तीस.

मी ताईची कात्री उचलली, पट्ट्याखाली घातली आणि दाबली. पट्टा तुटला, त्याबरोबर कातडीची एक पट्टीही निघाली. घड्याळ फरशीवर पडलं. काटा थांबला.

ताई थांबली. तिने हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“किती झाले?” तिने विचारलं.

एवढंच. दुखतंय म्हणाली नाही, काय झालं विचारलं नाही. मग ती मोरीवर गेली आणि पोट रिकामं होईपर्यंत ओकत राहिली. पाठोपाठ मी.

डॉक्टरांनी तिच्या डाव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या बांधल्या. शिलाई मशीनमध्ये हात गेला, असं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण जखमांकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं.

घड्याळ मी चिमट्याने प्लास्टिकच्या डब्यात टाकलं आणि पावतीवरच्या पत्त्यावरून त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी दार साखळीपुरतंच उघडलं.

“बहीण बरी आहे ना तुमची?” त्यांनी आधी तेच विचारलं.

“तुम्हाला ठाऊक होतं!”

“माझी आई त्याच रांगेत बसायची,” त्या म्हणाल्या. “लग्नानंतरही ते तिच्या मागेच उभे राहायचे. घरीसुद्धा.” आणि दार लावून घेतलं.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या दाबयंत्राखाली मी ते घड्याळ ठेवलं. माझा सहकारी सोबत होता. त्याला मी काही सांगितलं नव्हतं, नुसतं बिघडलंय म्हणालो होतो. काच फुटली, कडी वाकली, मग सगळं चपटं झालं. आणि त्या कोरड्या ठणठणीत यंत्रातून ओंजळभर पांढुरकं पाणी निघालं, माशाच्या पोटातून निघतं तसं, बारीक धाग्यांसकट. सहकारी तोंडावर हात धरून बाहेर पळाला. मी ते पुसलं, फडकी आणि लोखंड एका पिशवीत बांधलं आणि शहराचा कचरा जिथे जाळतात तिथे स्वतः नेऊन टाकलं. पिशवी जळताना पाहिली आणि मगच निघालो.

बाकीची सव्वीस घड्याळं मी महिन्याभरात देऊन टाकली. त्यांत काही वाईट नव्हतं. मला आता मळाला हात लावता येत नाही, इतकंच.

ताईची बोटं भरून आली. बटणं लावणं तिने सोडलं, मीच सोडायला लावलं. आता दुपारी ती सोफ्यावर हात मांडीवर ठेवून नुसती बसते. बोलते, हसते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते. सगळं पूर्वीसारखं आहे.

काल दुपारी मी पाणी प्यायला उठलो. ऊन थेट सोफ्यावर आलं होतं. ताईला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. डोळे मिटलेले असतानाच ती खिडकीकडे थोडी सरकली. कोणाला जागा करून द्यावी, तशी.

तिच्या शेजारची गादी हळूहळू खाली दबली. मग रांगेत तिच्या पुढची. दोन्ही खळग्यांत ओल वर आली आणि पसरत गेली.