पाहुण्याला गाव दाखवताना

पावसानं चौथ्या दिवशीही होड्या धक्क्यालाच बांधून ठेवल्या होत्या. पुरुषांना आता दोनच कामं उरली होती: शेडमध्ये बसून गळांना आमिष लावायचं आणि एकमेकांचा अपमान करायचा. रोई दोन्हींत तरबेज होता. फक्त तो डावरा होता. गळांची लांब दोरी टोपल्यात रचताना वेटोळी उलटी घालायचा, त्यामुळे त्याच्या टोपल्यातली दोरी समुद्रात सोडायला दुसऱ्या कुणालाच जमायचं नाही.

"जावईबापू, तुझ्या टोपल्याला तुझ्यासारखाच उलटा माणूस लागतो," यास्पर म्हणाला. रोई ज्या होडीवर होता ती यास्परची आणि एल्स्पाही त्याचीच मुलगी. ऑगस्टमध्ये तिचं रोईशी लग्न ठरलं होतं. बेटावर सदतीस माणसं आणि सहाशे मेंढ्या. मेंढ्यांची या लग्नाला हरकत नव्हती.

सकाळच्या फेरीबोटीतून एकच उतारू उतरला. धक्क्यावरचं दुकान एल्स्पा चालवायची. ती त्याला शेडच्या दारापर्यंत घेऊन आली.

"रोई, रिकामाच आहेस ना? यांना गाव दाखव. साडेतीनच्या बोटीनं परत जाणार आहेत."

"गाव खिडकीतूनही दिसतं."

"मग खिडकी दाखव. पण नीट बोल. सभ्य माणूस आहे. मघापासून माझं सगळं बोलणं ऐकून घेतोय."

एल्स्पाचं सगळं बोलणं रोईनं कधीच ऐकलं नव्हतं. त्यानं पाहुण्याकडे नीट पाहिलं. वय आपल्याएवढंच, उंचीही तेवढीच. दात मात्र आपल्यापेक्षा चांगले. रोईला तो तिथल्या तिथे आवडेनासा झाला.

चढावरच्या वाटेवर धुकं गुडघ्यापर्यंत आलं होतं. कड्यावरून पडणारा धबधबा वाऱ्यानं उलटा वर उडत होता. पाहुण्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो रोईकडे पाहत होता.

"चर्चमध्ये तू कुठे बसतोस?"

"झोप लागेल तिथे. डावीकडे, तिसऱ्या बाकावर."

"आणि एल्स्पा?"

"माझ्या शेजारी. घोरायला लागलो की कोपर मारते."

पाहुणा हसला नाही. पाठ करत असल्यासारखे त्याचे ओठ हलले.

"कॉफी कशी घेते?"

"साखरेचा खडा दातात धरून. तू काय जनगणनेला आलायस?"

"तुला चिडवते ते कोणत्या नावानं?"

हे रोईला सांगायचं नव्हतं. पण सांगितलं नाही, तर ती आपली आहे हे याला कळणार कसं? "पफिन. तो पक्षी उतरताना तोंडावर आपटतो, तसा मी पहिल्यांदा तिच्या दारात आपटलो."

मग तो न विचारताही सांगत सुटला. तिला कशाची भीती वाटते, ती बापाशी खोटं कधी बोलते, तिचा हात पहिल्यांदा कुठे धरला. प्रत्येक गोष्ट म्हणजे कुंपणाचा एकेक खुंटा, असं त्याला वाटत होतं. पाहुण्यानं काहीच लिहून घेतलं नाही.

उतारावर एका पायरीवर रोई घसरला. चार वर्षांचा असल्यापासून तो या पायरीवरून उतरत होता. पाहुण्यानं त्याचा दंड धरला.

"जपून," तो म्हणाला. "हा दगड हलतो."

शेडमध्ये शिरताच पाहुणा सरळ जाऊन रोईच्या स्टुलावर बसला. डाव्या हातानं गळाला आमिषाचा तुकडा लावला. दोरीची वेटोळी टोपल्यात उलटी पडू लागली.

कुणी मान वर करून पाहिलं नाही.

"आज जरा बरी घालतोयस," यास्पर त्याला म्हणाला.

"उलट्या जावयाला सासराही उलटाच मिळाला, त्याला मी काय करू?" पाहुणा म्हणाला.

त्यावर यास्परनं त्याला अशी शिवी हासडली, की रोईला हेवा वाटला. ती शिवी रोईच्या हक्काची होती.

"ते माझं स्टूल आहे," रोई म्हणाला.

एकानं चटकन उठून आपलं स्टूल पुढे केलं. "बसा ना. भिजलात हो तुम्ही."

"मला तेच हवंय. त्याला माझी बैठक ठाऊक आहे."

सगळे हसले. रोईच्या विनोदाला या शेडमध्ये आजवर कुणी हसलं नव्हतं, माशांची आतडी फेकून मारायचे. आता सगळे नीट, अदबीनं हसत होते.

एल्स्पा कॉफी घेऊन आली. रोईला कपबशी मिळाली, वर केकचा तुकडा. पाहुण्यापुढे तिनं टवका उडालेला मग आपटला. "पफिन, चिखलाचे बूट बाहेर. किती वेळा सांगायचं?"

"एल्स्पा, रोई मी आहे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. हसरी, जराशी अवघडलेली.

"हो का? आमच्याकडेही एक रोई आहे."

त्यानं समोरची दोरी ओढून घेतली. हिला दाखवूच. बोटं भराभर चालली.

वेटोळी सरळ पडली. सगळ्यांची पडतात तशी.

साडेतीनला एल्स्पा रोईला बोटीपर्यंत सोडायला आली. डोक्यावर छत्री धरून. त्या वाऱ्यात छत्री फक्त पाहुण्यांवरच धरतात. रोईचा रुसवा आता टोकाला गेला होता. जातोच. दोन दिवस मोठ्या बेटावर आत्याकडे राहतो, मग ही येईल पळत. बोटीची फळी ओलांडताना तो मुद्दाम रेंगाळला. तिनं हाक मारली नाही. "पुन्हा या," म्हणाली.

धक्क्यावर तो दुसरा आला. त्यानं तिच्या रेनकोटची टोपी पुढे ओढली. तिनं ओढू दिली.

रोईच्या छातीत आग पेटली. तो कठड्याला धरून उभा राहिला. आग होती तोवर तिचा चेहरा लांबूनही ओळखू येत होता.

बोट वळली. आग कमी झाली.

त्यानं ती परत पेटवायचा प्रयत्न केला. त्या दोघांकडे टक लावून पाहिलं. नुसताच पाऊस दिसला आणि दोन रेनकोट.

"कसं वाटलं गाव?" खलाशानं विचारलं.

"छान. माणसं भली आहेत."

धक्क्यावर ती दोघं अजून उभी होती. जोडा शोभत होता. मुलगी खरंच चांगली होती, एवढ्या पावसात सोडायला आली. तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.