सुटत नसलेला तुकडा

रविवारी दुपारी कादंबरी हिंजवडीच्या ऑफिसात आली ती एवढ्याचसाठी, की एका सर्व्हरची मेमरी का भरत चालली आहे ते बघावं. सबंध मजला रिकामा. एसी बंद, कार्पेटला कोंदट वास.

त्यांची कंपनी हॉस्पिटलांसाठी आवाजाची यंत्रणा करायची. वॉर्डातला आवाज एक प्रोग्रॅम टिपायचा आणि पुढच्याला द्यायचा, पण नक्कल न करता. तुकडा एकच, तो किती जणांनी धरलाय याचा आकडा त्याच्यासोबत फिरायचा. काम झालं की ज्याने त्याने तुकडा सोडायचा, आकडा एकने उतरायचा. शून्यावर आला की तुकडा आपोआप पुसला जायचा. हे सगळं सलिलने लिहिलं होतं. तो अपघातात गेला, त्याला दोन महिने झाले होते.

एक तुकडा काही सुटत नव्हता. कादंबरीने एकेक करत सगळे प्रोग्रॅम बंद केले. आकडा एकवरच. धरणारं तर कोणीच उरलं नव्हतं...

तिने तो तुकडा लॅपटॉपवर उतरवून घेतला आणि हेडफोन लावला. आधी नुसता श्वास. मग ओळखीचा, दमलेला आवाज.

“हेमा... दार उघड.”

सलिलने चाचणीसाठी भरला असेल, तिने स्वतःला समजावलं. तरी राहवेना. तिने बिबवेवाडीला सलिलच्या बायकोला फोन लावला.

“हेमाताई, सलिल कामासाठी घरी कधी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा?”

“नाही. का गं?”

कादंबरीने चाचरत सांगितलं.

“रोज दुपारी बेल वाजते,” हेमा हळू म्हणाली. “दाराच्या भिंगातून बघते, तर जिन्यात कोणी नसतं. मी उघडत नाही.”

“मी पुसून टाकते तो. आत्ताच.”

“नको गं... त्याने एवढं धरून ठेवलंय.”

तेवढ्यात फोनमधून बेल ऐकू आली.

“ताई, उघडू नका.”

“दोन महिने बाहेर उभं ठेवलंय मी त्याला.”

कादंबरीने घाईघाईने पुसण्याची आज्ञा टाइप केली. एकदा चुकली, पुन्हा केली. फोनमध्ये कडी सरकली. दार करकरलं. मग काहीच नाही.

“हेमाताई...?”

स्क्रीनवर ओळ उमटली: तुकडा वापरात आहे, पुसता येणार नाही.

एकही प्रोग्रॅम चालू नव्हता. आकडा दोन झाला होता.