वाटाण्यांचा कोपरा

मी फरश्या बसवतो. बावीस वर्षं झाली. माझा नियम एकच: नजरेवर विसंबायचं नाही. नजर थकते, नजर मालकाच्या घाईला भुलते. पाणसळ भुलत नाही. लाकडी पट्टी, तिच्यात काचेची नळी, नळीत बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबला की फरशी सपाट, नाहीतर तो उंच बाजूकडे सरकतो. इतकं सोपं असतं, आणि इतकं सोपं मला आवडतं.

भाड्याची नऊ घरं बदलल्यावर आम्ही हे घर घेतलं. तळमजला, दोन खोल्या आणि मागे सकाळचं ऊन येणारं स्वयंपाकघर. बायको एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दोनशे माणसांचा स्वयंपाक करते आणि घरी येऊन तिघांचा करायला पुन्हा हौसेने उभी राहते. हे कोडं मला लग्नापासून सुटलेलं नाही. तिसरी आमची आठ वर्षांची मुलगी. शाळेत तिचं चांगलं लांबलचक नाव आहे, पण एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून घरात ती भिंगरी.

स्वयंपाकघराची फरशी आम्ही तिघांनी तीन रविवारी बसवली. बायकोने सिमेंट-वाळू कालवली आणि वर मलाच सुनावलं, "पाणी जास्त झालंय, फुलणार नाही हे." भिंगरी फरश्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे क्रॉस खोचत होती आणि एखादा तिरका झाला की त्यालाच दम देत होती. इतका आनंद मला दुसऱ्याच्या घरात काम करताना कधी झाला नव्हता.

चौथ्या रविवारी आम्ही त्या फरशीवर बसून वाटाणे सोलत होतो. भिंगरी माझी नक्कल करत होती: गिऱ्हाइकाने घाई केली की मी कसा नाक खाजवतो, कसा 'उद्या' म्हणतो. बायको हसता हसता कलंडली आणि वाडगं उपडं झालं. वाटाणे चारी दिशांना गेले, जायचे तसेच. मग क्षणभर थांबले. आणि सगळे वळून खिडकीखालच्या कोपऱ्याकडे निघाले. सावकाश.

"खालची जमीन खचली असेल," मी म्हणालो.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली.

मला मिरच्या झोंबल्या. मी पाणसळ आणली. सगळीकडे बुडबुडा मधोमध. कोपऱ्यापासून हातभर अंतरावर मात्र तो कोपऱ्याच्या दिशेने सरकला. म्हणजे कोपरा उंच. उंच असेल तर वाटाणे तिथून लांब पळायला हवेत. ते कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते. मी दुसरी पाणसळ आणली, ती उलटी करून पाहिली. तेच.

मी कोपरा फोडला. खाली टणक, कोरडी जमीन होती. पुन्हा फरश्या बसवल्या. तो आठवडा मी सगळ्यांवर खेकसत होतो, घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, आणि सांडलेला वाटाणा जागचा हलला नाही. जिंकलो असं वाटलं. मग भिंगरी शाळेत पळण्याच्या शर्यतीत शेवटून दुसरी आली आणि ते तिने इतक्या ऐटीत सांगितलं की आम्हाला हसू आवरेना. ओट्यावरून एक कांदा उतरला आणि कोपऱ्याकडे गेला.

त्यानंतर महिनाभर मी लक्ष ठेवलं. भांडलो त्या दिवशी काही नाही. हसलो त्या दिवशी, दर वेळी. आधी वाटाणे, मग कांदे, मग भरलेला तांब्या.

ज्यांच्याकडून घर घेतलं त्या शिलाईवाल्या मावशी दोन गल्ल्या सोडून भावाकडे राहत होत्या. गेलो तेव्हा त्या परकराला दुमड घालत होत्या.

"मावशी, खिडकीखालच्या कोपऱ्यात काय होतं हो?"

"काही नव्हतं." सुई थांबली नाही. "मुलगी फार हसते का तुमची?"

"हसते."

"हळू हसायला सांगा तिला." त्यांनी दोरा दाताने तोडला. "आम्ही हसणं सोडलं तेव्हा थांबलं ते. पण उशीर झाला होता."

घर विकताना मूलबाळ नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्यामागे भिंतीवर फोटो होता. मावशी, त्यांचे यजमान आणि दोघांच्या मध्ये दोन वेण्यांची, दात पडलेली एक मुलगी.

"ही कोण?"

मावशींनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं. "तेच आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं आणि आम्ही घाबरलो. कबूल करतो, माझी पाचावर धारण बसली. भिंगरीला म्हटलं, जरा शांत राहत जा. तिने 'का' असं विचारलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आठवडाभर ती तोंडावर हात ठेवून जेवली. एका हाताने घास, दुसरा हात ओठांवर. सातव्या दिवशी बायकोने ताट बाजूला सारलं.

"तोंड दाबून जगायला घर घेतलं का आपण?"

आम्ही व्हॅन भाड्याने घेतली आणि चार दिवस तळ्याकाठी जाऊन राहिलो. घरच सोडावं असं माझ्या मनात होतं. पोरगी पाण्यात शिरली तशी तिची जीभ सुटली. आम्ही मासे भाजले, एक करपवला, त्याचा दोष एकमेकांवर ढकलला आणि खूप हसलो. भिंगरीचा चेंडू काठावर पडला होता. काठ तळ्याकडे उतरता. चेंडू चढावरून वर गेला, ज्या रस्त्याने आम्ही आलो होतो त्या रस्त्याकडे.

बायकोने जाऊन तो उचलला आणि पिशवीत टाकला.

"नऊ घरं सोडली," ती हळू आवाजात म्हणाली. "दहावं सोडून काय करायचं? ते आपल्याबरोबर येतंय. मग आपल्याच घरी बरं. तिथे माझी भांडी तरी आहेत."

परतल्यावर मी जुन्या दाराच्या फळ्यांचं टेबल केलं आणि ते त्याच कोपऱ्यापुढे आठ बोल्ट मारून जमिनीला जखडलं. फरशीला भोकं पाडताना जीव तुटला, पण पाडली. भिंगरीला आवडतं ते सगळं बायकोने रांधलं. भर दुपार होती, टेबलावर लख्ख ऊन. कोपऱ्याकडे पाठ करून बायको स्वतः बसली.

"इथे मी बसणार," ती म्हणाली. "यायचं असेल त्याने माझ्यावरून यावं."

मग तिने कॅन्टीनमधला किस्सा काढला. नव्या आचाऱ्याने आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि दोनशे माणसं साहेबांच्या धाकाने 'छान, छान' म्हणत पाणी पीत राहिली. भिंगरीचा हात आपसूक तोंडाकडे गेला. बायकोने तो धरून खाली घेतला.

"हस."

भिंगरी हसली.

वाटाणे ताटातून उठून निघाले.

पेला सरकला. पातेलं सरकलं.

मग भिंगरीची खुर्ची. चारही पाय फरशीवर करकरले आणि ती टेबलाला वळसा घालून कोपऱ्याकडे जाऊ लागली. मी तिचा एक दंड धरला, बायकोने दुसरा. ओढ जोराची नव्हती. संथ होती, आणि थांबत नव्हती.

भिंगरी रडकुंडीला आली होती. बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही.

"आमची आहे ही," ती म्हणाली. "कळलं का? हिच्या हसण्यासकट आमची." आणि पुढे किस्सा सांगू लागली. साहेबांनी दुसऱ्यांदा आमटी मागितली, ती जागा.

मी हसलो. तिचा दंड न सोडता, ओढूनताणून हसलो. भिंगरी आमच्याकडे बघत राहिली, आणि मग पोट धरून हसली.

खुर्ची थांबली.

कोपऱ्यात एक फरशी तडकली. बस, तेवढंच.

त्यानंतर दोन महिने वाटाणे वाटेल तिकडे पळाले. पाणसळीचा बुडबुडा कोपऱ्यातही मधोमध राहिला. तडकलेली फरशी मी बदलली नाही. आल्यागेल्याला मी ती मुद्दाम दाखवायचो.

गेल्या रविवारी भिंगरीच्या पुस्तकांसाठी मी शेल्फ बसवत होतो. फळीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध आला. स्वयंपाकघरात भिंगरी आईजवळ खिदळली आणि बुडबुडा डावीकडे, स्वयंपाकघराकडे सरकला. हात हलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. भिंगरी धावत आली आणि माझ्यामागून उजवीकडच्या खिडकीपाशी गेली. बुडबुडा डावीकडून उजवीकडे गेला. ती परत फिरली, तोही फिरला.

मी पाणसळ पेटीत ठेवून दिली. शेल्फ नजरेनेच बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाबा, फळीवर माझं नाव घाला ना," ती म्हणाली. "शाळेतलं. पूर्ण." आणि पळाली अंगणात.

मी पेन्सिल टेकवली. पहिलं अक्षरच आठवेना.

"अगं," मी स्वयंपाकघराकडे हाक मारली, थट्टेच्या सुरात, "हिचं शाळेतलं नाव काय गं?"

आत पातेल्यात फिरणारा डाव थांबला. मी पटाशी घेतली आणि फळीवर अक्षरं कोरली. भिंगरी. एकेक अक्षर दोनदा, पुसता येणार नाही इतकं खोल. बाहेर ती मोठ्याने हसत होती, आणि मी तिला थांबवलं नाही.

स्वयंपाकघरात डाव थांबलेलाच होता. तो पुन्हा फिरला नाही.